सही ज्याच्या हातात असते

एमडी-एमएसच्या तीन वर्षांत पीजी विद्यार्थ्याला एकाच माणसाच्या, म्हणजे आपल्या गाइडच्या, सह्या किती कागदांवर घ्याव्या लागतात, याची बाहेरच्यांना सहसा कल्पना नसते. थेसिसचा आराखडा, एथिक्स कमिटीकडे जाणारा अर्ज, लॉगबुकाची पानं, रजेचा अर्ज, परिषदेत पेपर वाचायची परवानगी आणि सरतेशेवटी थेसिसला जोडायचं प्रमाणपत्र. त्याच माणसामागे सकाळी राउंडला उभं राहायचं, त्याच्याच हाताखाली पहिलं सिझेरियन शिकायचं, रात्री दोन वाजता इमर्जन्सीतून फोन करायचा तोही त्यालाच. परीक्षेच्या दिवशी टेबलापलीकडे बसलेल्या परीक्षकांतही बरेचदा तोच असतो. पुढे फेलोशिपसाठी शिफारसपत्र लागलं तर पुन्हा त्याच्याच दारात जायचं.

इतकी सूत्रं एका हातात आली की त्या हाताने कुठे थांबायचं, हे कुणीतरी विचारायला हवं. विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. ती वर्षानुवर्षं इतकी रुळली आहेत की शिक्षकांनाच काय, विद्यार्थ्यांनाही ती खरी वाटू लागली आहेत.

गैरसमज: आपली गुरू-शिष्य परंपरा आहे. सीमांचं हे खूळ पाश्चात्त्यांचं.

परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देण्याचा विधी आहे. अग्नीच्या साक्षीने गुरू शिष्याला आपल्या आज्ञेत राहायला सांगतो. हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्या आज्ञेला तिथल्या तिथे अपवादही जोडलेले आहेत. राजद्रोहाचं, जिवावर बेतणारं, अधर्माचं किंवा अनर्थ ओढवणारं काम असेल, तर गुरूचा शब्द शिष्यावर बंधनकारक राहत नाही. शिवाय याच अध्यायात, दीक्षेच्या आधी, आचार्य पारखून कसा निवडावा ते सांगितलं आहे. परीक्षा आधी गुरूची होते आणि शिष्यांवर माया असणं हा त्याच्या पात्रतेचा भाग आहे.

सुश्रुत आणखी पुढे जातो. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याकडून वचनं घेऊन झाल्यावर गुरू स्वतःलाही बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना आपण त्याच्याशी वावगं वागलो, तर पाप आपल्याला लागेल आणि आपली विद्या निष्फळ होईल, असं तो कबूल करतो. इतक्या जुन्या ग्रंथात शिक्षकाने स्वतःवर घालून घेतलेली ही अट मला फार मोलाची वाटते. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांसाठी महर्षी चरक शपथ सुचवली, तेव्हा हिप्पोक्रॅटिसची शपथ घ्यावी की चरकाची, यावर देशभर वाद झाला. गुरूने घ्यायच्या शपथेची आठवणही त्या निमित्ताने निघायला हवी होती. शिष्याने गुरूच्या घरी पाणी भरावं एवढं परंपरेतून उचलायचं आणि गुरूवरची बंधनं तिथेच ठेवून यायचं, याला परंपरा पाळणं म्हणता येत नाही.

गैरसमज: दोघंही सज्ञान आहेत. इतरांनी मध्ये पडू नये.

सज्ञान आहेत हे खरंच आहे. पीजीचा विद्यार्थी पंचविशीतला असतो, कधी विवाहितही असतो. शिक्षक आणि सज्ञान विद्यार्थी यांच्या संबंधांवर सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्या देशात नाही. डॉक्टरांची कितीतरी लग्नं वॉर्डात आणि ओटीत जमली आहेत आणि उत्तम टिकली आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहायचं काहीच कारण नाही. प्रश्न येतो तो एकाचे गुण दुसऱ्याच्या हातात असतात तेव्हा.

समजा, रात्री साडेदहाला एका विद्यार्थिनीला सरांचा मेसेज येतो, 'जेवलीस का?' उत्तर दिलं नाही तर उद्याच्या राउंडला काय होईल, याचा विचार तिला करावा लागतो. सरांना तो करावा लागत नाही. ती एक हसरा इमोजी पाठवून विषय संपवते. पुढच्या आठवड्यात 'कॉफीला जाऊ या' येतं, आणि ती लिहिते, 'आज ड्यूटी आहे सर.' मग 'उद्या?' मग 'बघते सर.' आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. 'बघते सर' हाच आपल्याकडचा नकार आहे, आणि तो ओळखता येत नाही असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. हेच सर रुग्णाच्या नातेवाइकाच्या 'घरी विचारून सांगतो' या वाक्यातला नकार क्षणात ओळखतात. प्रकरण कधी चौकशीपर्यंत गेलंच, तर मात्र तो पहिला इमोजी संमतीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

नाही म्हणायची किंमत मोजावी लागणार असेल, तर हो म्हणण्यावर कितपत विसंबायचं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने हे ओळखलं आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात मर्जी राखल्यास झुकतं माप मिळेल असं सुचवणं, न राखल्यास नुकसान होईल अशी धमकी देणं, काम करणं नकोसं होईल असं वातावरण तयार करणं, हे सगळं आलं आहे. आश्वासन किंवा धमकी स्पष्ट शब्दांतच असली पाहिजे असं नाही. सूचित असली तरी पुरते. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाच्या नियामकाने १ ऑगस्ट २०२५ पासून, जिथे शिक्षकाच्या हातात विद्यार्थ्याचं मूल्यमापन आहे अशा नात्यांबाबत ठोस उपाययोजना करणं विद्यापीठांना भाग पाडलं आहे.

आणि खरोखरच दोघांचं जमलं तर? तर शिक्षकाने विभागप्रमुखांना लेखी कळवावं आणि गाइडपण, अंतर्गत गुण आणि परीक्षा या तिन्हींतून बाजूला व्हावं. विद्यार्थ्याला दुसरा गाइड मिळावा आणि कारण चारचौघांत सांगायची वेळ त्याच्यावर येऊ नये. ही जबाबदारी निम्मी-निम्मी वाटून घेण्यातली नाही. ज्याच्या हातात सही आहे त्याचीच ती आहे. असं केलं नाही तर त्या विद्यार्थिनीने स्वतःच्या मेहनतीवर मिळवलेल्या गुणांकडेही बॅचमधले बाकीचे शंकेने पाहतात, आणि तो अन्याय तिच्यावरही होतो, त्यांच्यावरही.

गैरसमज: सीमा ओलांडणं म्हणजे लैंगिक छळ. बाकी सगळं चालतं.

थेसिस जमा करायची मुदत जवळ आलेली असते. गाइडना कॉलेजात वेळ नसतो, 'क्लिनिकवर ये' असा निरोप येतो. रेसिडेंट चोवीस तासांची ड्यूटी संपवून संध्याकाळी सातला स्पायरल बाइंडिंगची प्रत घेऊन क्लिनिकच्या बाकड्यावर पेशंटांबरोबर बसतो. रिसेप्शनवरची मुलगी एकदा पाणी विचारते. दहाला आत बोलावणं येतं. निष्कर्षाची दोन पानं उलटली जातात, एका तक्त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली जाते. मग सर म्हणतात, 'अरे, उद्या सकाळी नर्सिंग होमला माझी एक केस आहे, असिस्टला ये.' सही होत नाही. प्रत टेबलावरच राहते.

त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. तक्रार लिहायला बसला तर पहिलं वाक्यही सुचणार नाही. तरीही इथे सीमा ओलांडली गेली आहे, आणि अशा प्रकारे ती रोज ओलांडली जाते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनुसार पीजी विद्यार्थी हा पूर्ण वेळ निवासी डॉक्टर असतो. त्याचा वेळ रुग्णालयाचा आणि शिक्षणाचा असतो. गाइडच्या खासगी नर्सिंग होमसाठी तो नेमलेला नाही.

मुलाच्या शाळेचं प्रोजेक्ट करून देणं, बँकेतलं काम, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं, हे याच जातीचं. परीक्षेच्या आधी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या हॉटेलसाठी, जेवणासाठी बॅचने वर्गणी काढायची, हा प्रकार कधी कानावर आला नाही असा पीजी सापडणं कठीण. शोधनिबंधावर नाव घालण्याचंही तसंच आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याचे निकष ठरवून दिले आहेत. अभ्यासाच्या मांडणीत किंवा माहितीच्या विश्लेषणात भरीव वाटा, मसुद्याच्या लेखनात किंवा तपासणीत सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, हे सगळं हवं. नुसत्या विभागप्रमुखपदावर लेखक होता येत नाही.

मग शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी नियमाबाहेरचं काहीच करायचं नाही का? थॉमस गुथाइल आणि ग्लेन गॅबार्ड या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्याबद्दल एक महत्त्वाचा फरक मांडला: सीमेपलीकडे टाकलेलं प्रत्येक पाऊल घातक नसतं, समोरच्याला इजा करणारं पाऊल घातक असतं. शिक्षणातही हा फरक कामाचा आहे. मुसळधार पावसात अडकलेल्या विद्यार्थ्याला गाडीतून हॉस्टेलवर सोडणं ही माणुसकी. रोज एकाच विद्यार्थिनीला सोडायचं आणि ते इतरांपासून लपवायचं, हे वेगळं. यात गरज कुणाची भागते आहे, विद्यार्थ्याला नाही म्हणता येतं का, आणि हे विभागात उघडपणे सांगता येईल का, एवढं शिक्षकाने स्वतःला विचारलं तरी बरंच स्पष्ट होतं.

अपमानाचंही इथेच बोलायला हवं. 'तुला एमबीबीएस कुणी केलं?' हे वाक्य रुग्णासमोर ऐकलेला विद्यार्थी त्या खाटेकडे पुन्हा जाताना मान खाली घालून जातो. 'मुली ऑर्थोला येऊन सीट अडवतात', 'आता ही बाळंतपणाची रजा काढणार' हे विनोद म्हणून बोललं जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकशास्त्रातल्या स्त्रियांच्या छळावर मोठा अहवाल काढला. त्यांना सर्वांत जास्त आढळला तो हाच प्रकार, स्त्री म्हणून हिणवण्याचा. कामावर आणि प्रकृतीवर त्याचे परिणाम इतर प्रकारांइतकेच खोल होतात, हेही त्यात आहे. वैद्यकीय विद्यार्थिनींना तो इतर शाखांतल्या मुलींपेक्षा जास्त सोसावा लागतो. वरपासून खालपर्यंत पक्की उतरंड आणि असं वागणं खपवून घेणारी संस्था, ही त्याची मुख्य कारणं अहवालात सांगितली आहेत.

गैरसमज: डॉक्टर व्हायचंय ना? मग लाज कसली?

पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजी प्रॅक्टिकलला मुलं एकमेकांची छाती ठोकून, स्टेथोस्कोप लावून तपासायला शिकतात. अ‍ॅनाटॉमीत जिवंत शरीरावर स्केच पेनने हृदयाच्या कडा आणि यकृताची हद्द आखायला शिकतात. त्यासाठी कुणीतरी शर्ट काढून टेबलावर झोपावं लागतं. बोट ज्याच्याकडे जातं तो झोपतो. बहुतेकदा हाडं दिसणारा, बारीक मुलगा; त्याच्यावर बरगड्या मोजायला सोप्या. वर्ग हसतो. अठरा वर्षांच्या त्या पोराच्या पाठीवर कोडाचा डाग असेल, छातीची ठेवण त्याला स्वतःला आवडत नसेल, गावाकडून येऊन पंधराच दिवस झाले असतील. मुलगे आहेत म्हणून त्यांना काही वाटत नाही, हे कुठून आलं?

२०१९ पासून लागू झालेल्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी वेगळं सत्र आहे. त्यात रुग्णाची संमती कशी घ्यायची ते शिकवतात. ज्याची स्वतःची संमती कुणी घेतली नाही, त्याने रुग्णाची संमती मनापासून घ्यावी ही अपेक्षा कशी करायची? विद्यार्थ्याचं शरीर हे प्रॅक्टिकलचं सामान नाही. आदल्या दिवशी सांगावं, स्वेच्छेने येणाऱ्यांनाच घ्यावं, नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नये, त्याचे गुण कापू नयेत. स्तन आणि जांघेच्या तपासणीसाठी मॉडेल वापरावं. कौशल्य प्रयोगशाळा प्रत्येक महाविद्यालयात असायलाच हवी असा नियम त्याच अभ्यासक्रमाबरोबर आला आहे. पोट तपासताना बोटं कशी ठेवायची हे दाखवण्यासाठी हात धरावा लागतो, तेव्हाही 'हात धरून दाखवू का?' एवढं विचारायला दोन सेकंद लागतात.

अशा तपासणीत कधी कधी एखाद्याच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला वेगळा आवाज, ऐकू येतो. तो तीस जणांना ऐकवायला बोलवायचं नसतं. प्रॅक्टिकल संपल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगायचं असतं.

गैरसमज: आपलेच सर असताना बाहेर कशाला दाखवायचं?

साधा ताप, खरचटणं, ठीक आहे. पण मानसोपचार, स्त्रीरोग, गुप्तरोग, व्यसन यांत शिकवणाऱ्यानेच उपचार करू नयेत. ज्या मॅडमना आपल्या औषधगोळ्यांची माहिती आहे त्याच आपल्याला व्हायवाला विचारणार, हे डोक्यात असलं की विद्यार्थी खरं सांगत नाही, आणि अर्धवट माहितीवर झालेले उपचारही अर्धवटच होतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. मदत मागायला ही मुलं कचरतात, हे त्यातही आहे. चांगल्या शिक्षकाने ऐकून घ्यावं, घाईने सल्ला देऊ नये, आणि त्या विद्यार्थ्याला न शिकवणाऱ्या डॉक्टरकडे स्वतः गाठ घालून द्यावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे कुणी आपला गाइड नसतो.

गैरसमज: कायदा नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे. आणि तक्रार केली की करिअर संपलं.

पहिलं विधान चूक आहे. २०१३ च्या कायद्यात कामाच्या ठिकाणांमध्ये रुग्णालयं आणि नर्सिंग होम स्पष्टपणे नोंदलेली आहेत. तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांमध्ये विद्यार्थिनी येतात, आणि मुलगे व तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात हे त्यांत मान्य केलेलं आहे. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर अंतर्गत समितीवर तीन निवडून आलेले विद्यार्थी हवेत. त्याआधीही, पुण्याच्या मेधा कोटवाल-लेले यांच्या पत्रातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल देताना, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या विशाखा निकालातली तत्त्वं वैद्यकीय परिषदेनेही आपल्या कक्षेत पाळली जातील हे पाहावं असं बजावलं होतं.

दुसऱ्या विधानातली भीती खोटी नाही. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच सहीवर डिग्री अडलेली असते. म्हणूनच कायद्याच्या नियमांमधला आठवा नियम प्रत्येक पीजीला पाठ असायला हवा असं मला वाटतं. चौकशी चालू असताना, तक्रारदाराने लेखी मागितलं की, तिच्या कामाचं मूल्यमापन त्या व्यक्तीकडून काढून दुसऱ्याकडे देण्याची आणि शैक्षणिक संस्थेत तिच्या अभ्यासावर देखरेख करण्यापासून त्या व्यक्तीला दूर ठेवण्याची शिफारस समिती करू शकते. म्हणजे गाइड बदलून मागण्याचा रस्ता कायद्यातच आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. परीक्षा होईपर्यंत गप्प राहणाऱ्यांची मुदत यात निघून जाते. म्हणून निदान तारखा, मेसेज आणि कुणाला काय सांगितलं, एवढं तरी त्या-त्या दिवशी लिहून ठेवावं.

गैरसमज: सिद्ध झालं नाही तर तिच्यावरच शेकतं.

नाही. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही, असं कलम १४ सांगतं. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने खोटी तक्रार केली हे चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

गैरसमज: त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं.

हा सगळ्यांत नवा आणि मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारा. 'आजकाल बोलायची सोय नाही' म्हणत काही शिक्षक मुलींना शिकवणंच आखडतं घेतात. राउंडनंतरच्या गप्पा, ओटीतला पहिला टाका, परिषदेला सोबत नेणं, हे सगळं मुलांच्या वाट्याला जातं. मुलीला नियमाप्रमाणे लेक्चर मिळतं आणि हातातली कला मिळत नाही. शल्यचिकित्सेसारख्या विषयात हे नुकसान आयुष्यभराचं असतं. भेदभाव करून कुणी सुरक्षित होत नाही.

सीमा नीट आखलेली असेल तर उलट मोकळेपणाने जवळ जाता येतं. एखादं युनिट हे अगदी साधेपणाने करू शकतं. थेसिसच्या सह्यांसाठी आठवड्यातला एक दिवस आणि वेळ ठरवून दारावर लावायची, जागा विभागातली. प्रत्येक पीजीला गाइडबरोबर एक सहगाइडही द्यायचा, म्हणजे एकाच्या मर्जीवर सगळं अडत नाही. रात्रीचे निरोप युनिटच्या ग्रुपवर टाकायचे. एकट्याला फोन करायचा तो रुग्णाच्या कामासाठी. ओटीतल्या केसेस नावांच्या क्रमाने वाटायच्या आणि ती यादी भिंतीवर लावायची. एकट्याने बोलायची वेळ आली तर बोलायचं, खोलीचं दार उघडं ठेवायचं आणि बाहेर एखादा क्लार्क असेल अशी वेळ निवडायची. रुग्णासमोर चूक दिसली तर ती रुग्णाच्या भल्यासाठी तिथे सुधारायची आणि रागवायचं ते ड्यूटी रूममध्ये, एकट्याला. यातल्या कशालाही शासनाचा आदेश लागत नाही की निधी लागत नाही. विभागप्रमुखांनी पुढच्या सोमवारच्या मीटिंगला ठरवलं तर मंगळवारपासून सुरू करता येतं.